जोडघर

२९ ऑगस्ट

आले बाई एकदाची! वर्षभर मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीत तिघींच्या खोलीत वरच्या बंकवर काढलं. कूस बदलली की खालची कुरकुरायची. आणि आजपासून दोन मजले, लाकडी जिना, उंच खिडक्या आणि हॉलमध्ये एक भलामोठा शेकोटीचा कोनाडा, जो या वाळवंटात कुणी कधी पेटवणार नाही, हे सगळं माझ्या एकटीचं. माझं म्हणजे कंपनीचं, कंपनीचं म्हणजे मालकांचं. पण किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

मालक शारजाचे. तरुणपणी इंग्लंडात शिकायला होते. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका गावात विटांची ही जुनी जोडघरं रस्त्यासाठी पाडायला निघाली, तेव्हा त्यांनी ती विटांसकट विकत घेतली. प्रत्येक विटेवर खूण केली, कंटेनरमध्ये भरली, बोटीने हमरिया बंदरात उतरवली आणि फ्री झोनच्या मागच्या मोकळ्या जागेत पुन्हा उभी केली. हिवाळ्यात इथे पाहुणे राहतील म्हणे. जुन्या इमारतींची आर्किटेक्ट म्हणून शेवटचा हात मी फिरवायचा.

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर कॅस्मिर वसईचा. मीटिंगमध्ये म्हणाला, "कोणतरी राहून रन करून बघायला पायजे ना, एसी, पाणी, ड्रेनेज. दोन घरांतल्या एकात तरी?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर होता.

कारण शुभ्रा. माझी नऊ वर्षांची लेक कऱ्हाडला माझ्या आईकडे आहे. मुसफ्फाच्या खोलीत तिला कुठे ठेवणार होते? आता घर आहे, व्हिसा झालाय, अठरा सप्टेंबरचं तिकीटही काढलंय. व्हिडिओ कॉलवर तिला घर दाखवलं तर म्हणाली, "आई, विच रूम इज माइन?" मी म्हटलं, तू म्हणशील ती. फोन ठेवून थोडी रडले, मग उठून कांदेपोहे केले.

३१ ऑगस्ट

आज सुट्टी. दिवसभर घर नुसतं बघत बसले.

हे घर आणि त्याचं आरशातलं घर. मधे एकच भिंत, दोघांची सामायिक. माझा जिना तिला टेकून चढतो, पलीकडचाही तिलाच टेकून. दोन्ही दारं मधोमध, खांद्याला खांदा लावून. माझ्या दाराची मूठ उजवीकडे, तिकडची डावीकडे. दारांवर अर्धगोल काचा. धुराडं एकच. आणि वीटकाम! एक वीट लांब बाजूने दिसते, तिच्याशेजारी एक आखूड बाजूने, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. खिडक्यांवरच्या कमानीच्या विटा तर घासून घासून इतक्या नेमक्या केल्यात की सांध्यात नख शिरत नाही. मला कुणी सोन्याच्या बांगड्या दाखवल्या तर मी एवढा वेळ बघणार नाही.

एक गंमत सापडली. माझ्या दाराशेजारच्या एका विटेचा कोपरा उडालाय. पलीकडच्या दाराशेजारीही तीच वीट, तसाच उडालेला कोपरा. असं आपोआप होत नाही. एकीकडे फुटल्यावर कुणीतरी दुसरीकडे मुद्दाम छिन्नी मारली असणार. अडीचशे वर्षांपूर्वीचा कुणी माझ्यासारखाच खुळा.

बाहेर ऊन मी म्हणतंय, पण मधली भिंत गार आहे. एसी बंद केला तरी गारच. जाड भिंत, चुन्याचे सांधे, असं होतं. पाठ टेकून चहा प्यायले.

२ सप्टेंबर

आमचे मुख्य गवंडी दत्तारामकाका मालवणकडचे. मी राहायला आल्यापासून त्यांची एकच भुणभुण, राखणदाराला सांगितल्याशिवाय नव्या घरात राहायचं नाही, गाऱ्हाणं घालायला हवं. त्यांच्याकडे प्रत्येक जागेला न दिसणारा राखणदार असतो, त्याला मोठ्याने आणि स्वच्छ शब्दांत सांगायचं काय हवं ते, आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. मी विचारलं, हमरियाच्या वाळूत मालवणचा राखणदार कुठून आणणार? काकांनी त्याचा विचार केलेला होता. जो विटांबरोबर आला असेल तोच.

उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम कायद्यानेच बंद असतं. त्या सुट्टीत काका आणि त्यांची चार माणसं माझ्या हॉलमध्ये आली. नारळ, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. काकांनी हात जोडले आणि आवाज लावला, "बा म्हाराजा, ह्या विटांबरोबर जो कोण इलो आसशील, तेणी ह्या घराची राखण करूची. ही बाय हयसर एकटी रवता. हिका हिची जोड गावां दे रे म्हाराजा!" चौघे ओरडले, "होय म्हाराजा!"

मला हसू आवरेना. म्हटलं, काका, एक जोडीदार करून झाला, कोर्टात जाऊन सोडूनही झाला, आता आणखी कशाला मागताय? काकांनी जीभ चावली. त्यांना शुभ्रा म्हणायचं होतं, आपल्या माणसाची सोबत. मी म्हटलं, जाऊ दे, तुमच्या इंग्रज राखणदाराला मालवणी थोडीच कळतेय. सगळे हसले, खोबरं खाल्लं आणि तिथेच फरशीवर आडवे झाले.

५ सप्टेंबर

जिन्याजवळ शुभ्राचा फोटो लावला. मधल्या भिंतीत खिळा ठोकताना जिवावर आलं, पण सांध्यात ठोकला, विटेला धक्का नाही.

दुपारी नळ तपासायला पलीकडच्या घरात गेले. तिथे कुणी राहत नाही. किल्ल्या दोनच, एक माझी, एक कॅस्मिरची. जिन्याजवळ, बरोब्बर त्याच उंचीवर, खिळा होता.

माझाच खिळा आरपार गेला असेल म्हणून हात लावून पाहिला. टोक नव्हतं, डोकं होतं. कॅस्मिरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मी आज शारजाच्या जॅममध्ये तीन तास, मी कधी खिळे मारू?" इलेक्ट्रिशियनचं काम असेल. विचारायला हवं.

७ सप्टेंबर

इलेक्ट्रिशियन नाही म्हणतो.

या भिंतीतून आवाज फार येतो. मी स्टीलचं भांडं ओट्यावर ठेवलं की पलीकडे ठण्ण होतं. मी जिना चढले की पलीकडे पायऱ्या वाजतात. रिकामं घर घुमतं, हे शिकवायला मला कुणी नको. पण आज मी फोडणी दिली आणि शिंक आली. आणि पलीकडे कुणीतरी शिंकलं. माझ्या बरोबर नव्हे, किंचित नंतर.

घुमणं असंच उशिरा येतं. मान्य. मग मला दिवसभर स्वस्थ का बसवत नाही? एका खोलीतून दुसरीत नुसती येरझाऱ्या घालतेय, आणि मी थांबले की मगच ते थांबतं.

९ सप्टेंबर

कॅस्मिर आला होता. त्याला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. घरं उतरवायला तो स्वतः इंग्लंडला गेला होता. तिथला भाड्याचा एजंट त्याला म्हणाला होता की ही घरं कधी एक-एक भाड्याने दिली नाहीत. दिली तर दोन्ही, नाही तर दोन्ही रिकामी. एका बाजूचा भाडेकरू गेला की दुसऱ्यालाही नोटीस. का म्हणून विचारलं तर एजंटने खांदे उडवले, घरांना आवडत नाही म्हणाला. कॅस्मिरला वाटलं गोरा चेष्टा करतोय. मला सांगायचं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. "अब खलास, दुसरीकडे शिफ्ट करू तुम्हाला, नेक्स्ट मंथ इन्शाल्ला."

पुढचा महिना! अठराला शुभ्रा येतेय. पुन्हा बंकवर जायचं म्हणजे तिकीट रद्द, शाळा रद्द, पुन्हा एक वर्ष. मी म्हटलं, राहू दे, मला काही त्रास नाही.

मी खोटं बोलले. तो जायच्या आधी मी चहाचा कप खाली ठेवायला वाकले, आणि भिंतीपलीकडे कप ठेवल्याचा आवाज आला. माझा कप अजून हातातच होता.

११ सप्टेंबर

आता ते नेहमी आधी येतं. मी उठायच्या आधी पलीकडे खुर्ची सरकते. मी शिंकायच्या आधी शिंक येते, आणि मग मला शिंकावंच लागतं.

शुभ्राला फोन केला. नव्या शाळेच्या बॅगचा रंग सांगायचा होता. ती वैतागली, "आई, यू ऑलरेडी टोल्ड मी! पर्पल. यू कॉल्ड इन द मॉर्निंग."

सकाळी मी साइटवर होते. फोन बॅगेत होता.

आईला विचारलं. ती म्हणाली, अगं तूच तर बोललीस, अर्धा तास. माझ्या गुडघ्याचं विचारलंस. बरं वाटलं हो.

मी आईच्या गुडघ्याचं कधी विचारत नाही. मला लाज वाटली आणि भीती वाटली, दोन्ही एकदमच. पलीकडची माझ्यापेक्षा चांगली मुलगी आहे.

१२ सप्टेंबर

दत्तारामकाकांना बाहेर उभं करून कमानीचा सांधा दाखवत होते. सकाळची वेळ, तरी ऊन डोळ्यांत. काका वर बघत होते आणि बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वर, पलीकडच्या घराच्या खिडकीकडे.

मी वळले तेव्हा तिथे पडदा हलत होता. त्या घरात आम्ही पडदे लावलेले नाहीत.

काकांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. म्हणाले, बाय, मी तुझी पोर मागलंय. ह्यां नाय मागूक.

तेव्हा मला कळलं. त्यांनी जोड मागितली. आणि जोड म्हणजे काय, हे या घरांना एकाच प्रकारे माहीत आहे.

१४ सप्टेंबर

गाऱ्हाणं मागे घेता येत नाही, असं काका म्हणतात. तोंडातून गेलं ते गेलं. नवं घालता येतं फक्त, जास्त स्वच्छ शब्दांत.

दुपारच्या सुट्टीत घातलं. या वेळी कुणी यायला तयार नाही, आम्ही दोघंच. काकांनी रात्रभर शब्द जुळवले होते. "बा म्हाराजा, चूक झाली. एकीच्या दोन झाल्यो. ह्यातली जी त्या पोरीची खरी आवस, खरी आई, ती रवां दे. दुसरी जी आसा, ती तुझी तू परत घे रे म्हाराजा!"

होय म्हाराजा मी म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं.

त्याआधी भिंतीपलीकडून आलं. "होय म्हाराजा." माझा आवाज. स्पष्ट, आनंदी.

काकांनी नारळ तसाच टाकला. दारात थांबून माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. आणि विचारलं, बाय, तू खंयच्या घरातली?

मी त्यांच्यावर ओरडले. असं ओरडायला नको होतं.

१५ सप्टेंबर

काका कामावर नाहीत. कामगारांच्या कॅम्पवर तापाने पडलेत म्हणे.

आईला फोन केला, शुभ्राला पाठवू नकोस. काही कारण सांगितलं, घराचं काम बाकी आहे वगैरे. आई भडकली. सकाळी रडून रडून सांगतेस पाठव, एक दिवस थांबवत नाही, आणि आता नको? पोरीनं बॅग भरली, मैत्रिणींना सांगून झालं. तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

मी म्हटलं, सकाळी ती मी नव्हते.

आईचा राग एकदम उतरला. मग अगदी हळू म्हणाली, मनाली, तू जेवतेस ना गं वेळेवर?

फोन ठेवल्यावर पलीकडे कुणीतरी माझ्याच आवाजात शुभ्राचं नाव घेत होतं. सराव केल्यासारखं. पुन्हा, पुन्हा.

१७ सप्टेंबर

ठरलं. शारजात हॉटेल घेतलंय. उद्या विमानतळावरून शुभ्राला थेट तिकडे नेणार. या घराचा उंबरासुद्धा तिला दिसणार नाही. नोकरी गेली तरी चालेल. पुन्हा बंकवर झोपेन, जमिनीवर झोपेन, पोर माझ्याजवळ हवी.

बॅग भरली. भरताना आवाज ऐकत होते. पलीकडची चेन आधी लागली.

दुपारीच निघाले. हे हॉटेलात लिहितेय. इथे भिंतीपलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू आहे, किती बरं वाटतं.

१८ सप्टेंबर

विमान वेळेवर उतरलं. मी दोन तास आधीपासून उभी होते. एकट्या मुलांना विमान कंपनीची माणसं बाहेर आणून देतात, आयडी बघून, सही घेऊन.

सगळे बाहेर आले. शुभ्रा नाही.

काउंटरवर गेले. तिथली मुलगी मला बघून हसली. म्हणाली, काही राहिलं का मॅडम? तुम्ही तर मघाशीच घेऊन गेलात. किती बिलगली होती तुम्हाला.

मी

टॅक्सीत आहे. जॅम. गाड्या हलत नाहीत. शुभ्राचा फोन लागत नाही. आई म्हणते, पोचली ना, फोन आला होता तुमचा, दोघी हसत होतात—

१८ सप्टेंबर, घरी

पलीकडचं दार आतून बंद. माझी किल्ली फिरत नाही. खिडक्यांच्या लाकडी झडपा लावलेल्या. मी दार बडवलं. आतून शुभ्राने विचारलं, "हू इज इट?"

माझी शुभ्रा. दाराच्या त्या बाजूला, हातभर अंतरावर.

मी म्हटलं, सोना, मी आई. दार उघड.

ती म्हणाली, "बट माय मॉम इज हिअर." आणि मग माझा आवाज, तिला जवळ घेतल्यासारखा. कुणी नाही गं, वारा आहे, चल जेवायला.

पोलिसांना फोन लावला. काय सांगू? मुलगी कुठे आहे? घरी. कुणाजवळ? आईजवळ.

कॅस्मिरला लावला. तो म्हणाला, मॅडम, आताच बोललात ना, पोरगी पोचली, थँक्यू म्हणालात, येऊ नको म्हणालात. मी किंचाळले. आता निघालाय, त्याची किल्ली घेऊन. रस्ता भरलेला आहे.

माझ्या घरात आले. दार आतून लावलं, नाहीतर ती मागून— छिन्नी घेतली. जिन्याजवळची भिंत. एक वीट निघाली. तिच्यामागे वीट. तिच्यामागे वीट. बोटं फुटली आहेत. भिंत पूर्वी एवढी जाड नव्हती.

पलीकडे ताटं वाजताहेत. शुभ्रा शाळेचं काहीतरी सांगतेय. तिची ती भरभर बोलायची सवय. मधेच हसते. वर्षभर मी हे फोनवर ऐकलं. आताही भिंतीतूनच ऐकते आहे.

छिन्नी धरवत नाही म्हणून लिहिते आहे. कॅस्मिर येईपर्यंत लिहीत बसेन. किल्ली आली की दार उघडेल. उघडायलाच हवं—

वर कुणीतरी चाललं.

माझ्या घरात. वरच्या खोलीत, जी मी तिच्यासाठी—

नाही. शुभ्रा पलीकडे आहे. आताही ऐकू येतेय मला, पाणी मागतेय, पलीकडे—

तिकडे आई आणि मुलगी. मग इकडेही. या घरांना एकीकडे आहे ते दुसरीकडे हवंच. हवंच असतं—

जिन्यावर हलकी पावलं. एक पायरी सोडून उतरायची तिची—

वळणार नाही.

"आई, मला भूक लागली."

वळणार नाही, वळणार नाही. कॅस्मिर, लवकर—

"किती उशीर केलास गं. मी कधीची वाट बघतेय."

मागे येऊन उभी राहिली. गळ्यात हात टाकले. गार आहेत. भिंतीसारखे. गाल माझ्या मानेवर. आणि केसांना तोच वास, देवा, तोच, लहानपणापासूनचा, मी वर्षभर रोज ज्याच्यासाठी—

पलीकडे शुभ्रा विचारतेय, कोण रडतंय म्हणून. तिला हाक मारायला हवी. मोठ्याने. ती ऐकेल. एकदा तिचं नाव—

"आई?"

दोघींनी एकदम म्हटलं. इकडून आणि भिंतीतून.

मी ओ दिली. कुणाला दिली, ते मला